उडवीमागचे फटके

वटार, रविवार, १८ फेब्रुवारी १९७९

जेवण व्हायचंय, तोवर लिहून टाकतो. आज आमच्या गोल्फ मंडळाची स्पर्धा मी जिंकलो, पण ती माझा दोस्त पास्कूने मला जिंकू दिली.

भात कापलेल्या शेतात पुरलेले पत्र्याचे डबे, हेच आमचं मैदान. शेवटच्या डब्यापर्यंत आम्ही दोघे बरोबरीत. मी पाच फटक्यांत चेंडू आत घातला. पास्कूचा पहिलाच फटका पेंढ्याच्या उडवीमागे गेला. तिथून टक, टक, दोनदाच आवाज आला. बाहेर येऊन त्याने एकात चेंडू डब्यात टाकला आणि ओरडला, "मागे चार गेले रे! जिंकलास तू!"

चार? बाजारात दोन गल्ल्यांपलीकडचा भाव मला ऐकू येतो. दोनच होते, म्हणजे त्याचे एकूण चार, माझ्याहून एक कमी.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासरे, म्हणजे मास्तर, उठले. आज पहिल्यांदाच बघायला आलेले. लग्नापासून मास्तरांसाठी मी फक्त केळीवाला. त्यांनी माझा हात धरला आणि सगळ्यांना म्हणाले, "हे आमचे जावई बरं का!"

"मास्तर, जावयाला डोक्यावर बसवू नका," पास्कू म्हणाला. मास्तरसुद्धा हसले.

निघताना मी त्याला गाठलं. "दोनच ऐकले मी."

"कानात पेंढा गेलाय तुझ्या. घरी जा!"

सांगू का मास्तरांना खरं? दोन ते दोनच. पण मग पास्कूने माझ्यासाठी केलं त्याचं काय?

मास्तर आज आमच्याकडे जेवायला थांबलेत. आतून त्यांचीच हाक येतेय, "जावईबापू, ताट वाढलंय." जातो.