पहिल्या सर्टिफिकेटचा खिळा

मंगळवार संध्याकाळ, निघोजे

नापास झालो. मीच काढलेल्या परीक्षेत! राग यायला हवा होता ना? मग घरी येताना सारखं हसू का येत होतं?

डेटाबेस सांभाळणाऱ्यांसाठी ही परीक्षा वर्षभर भांडून उभी केली. पाठांतराचे प्रश्न नकोत. बंद पडलेला डेटाबेस समोर ठेवायचा आणि म्हणायचं, चालू करून दाखवा. आधी मीच देऊन बघायची, असं ठरलं. पहिलं सर्टिफिकेट माझंच येणार म्हणून वडिलांनी हॉलमध्ये खिळासुद्धा ठोकून ठेवला.

पेपर परीक्षक शिंदे मॅडमनी काढला. डेटाबेस बंद पडून चाकणच्या एका प्लँटची प्रॉडक्शन लाइन थांबलीय असं धरायचं होतं. मी झपाट्यानं बॅकअप चढवला, तोही उरल्यासुरल्या चांगल्या डेटावर. बॅकअप निघाला रिकामा, आणि होता तो डेटाही पुसला गेला.

"सर, आधी वेगळा उघडून बघितलात?"

नाही. हा पहिला नियम माझ्याच हातचा. वीस वर्षं हेच काम करतोय, आणि ऐन वेळी हात थांबला नाही.

"अनुभवाचे थोडे मार्क धरू का?" मॅडमनी हळूच विचारलं. मोह झाला, इथे खोटं कशाला लिहू? पण म्हटलं, "नापासच लिहा."

घरी वडिलांना सांगितलं. त्यांनी खिळ्याकडे बघितलं.

"तुला बी सोडलं न्हाई? मग परीक्षा खरी हाय."

खिळा काढायला गेलो, तर त्यांनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे. परीक्षेला पुन्ना बस."