उजव्या दाराची पट्टी

१४ एप्रिल

पाचव्या स्क्रूचं डोकं तुटलं! चार निमूट निघाले, हाच एकटा हट्टाला पेटला. शेवटी ड्रिल लावलं. दारांच्या आतल्या स्टीलच्या पट्ट्या आता टेबलावर पडल्यात – काळवंडलेल्या, ओरखडलेल्या. एकतीस वर्षं कारखान्यात लोकांच्या गाड्यांच्या पट्ट्या चकाकवल्या आणि माझ्याच झास्तावा गाडीची ही अवकळा. लाज वाटली.

सहा मेला आमच्या घराण्याच्या संताचा सण. त्याआधी घरातला चमचान्‌चमचा घासून निघतो. यंदा गाडीही.

१५ एप्रिल

"तुम्ही कोण?" स्तामेनानं आज तीनदा विचारलं. मी तिच्यासाठीच कॉफी उकळत होतो. चाळीस वर्षं बायको आहे माझी!

गाडीत बसली की असं होत नाही. शेजारी बसवायचं, इंजिन चालू करायचं, अर्धी गल्लीही सरत नाही तोच – "राडे, हळू चालव रे, कंबर गेली माझी!" मग मी राडे असतो. अर्धा तास, कधी तासभर. त्या तासावर जगतोय मी. आता सीट्स काढून ठेवल्यात, म्हणजे सणापर्यंत फेरी बंद. सोसायला हवं.

१९ एप्रिल

ल्युबिन्का आली होती. मुलगी माझी, जीभ आईची. "बाबा, क्राल्येवोच्या वृद्धाश्रमात आईसाठी जागा झालीय. ती ओळखतसुद्धा नाही तुम्हाला." म्हटलं, गाडीत ओळखते. "मग गाडीतच संसार थाटा!" म्हणाली, आणि मग तीच रडत बसली.

शेवटी ठरलं ते असं. सणाच्या दिवशी स्तामेनाला गाडीतून माहेरी न्यायचं. ल्युबिन्का मागे बसणार. आईनं मला ओळखलेलं तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, तर ती आश्रमाचं नाव काढणार नाही. शब्द दिलाय तिनं.

२४ एप्रिल

डाव्या दाराचं झालं. चारशेचा पॉलिशपेपर, मग आठशेचा, मग बफिंगचं चाक आणि हिरवी पेस्ट. समोर धरून दाढी करावी!

२८ एप्रिल

उजव्या दाराच्या, म्हणजे स्तामेनाच्या बाजूच्या, पट्टीनं दोन दिवस खाल्ले. सगळ्यात वाईट हीच. हँडलच्या मागे नखभर खोल खाच. स्तामेना तिथेच धरून बसते, तिच्या उजव्या हातातल्या लग्नाच्या अंगठीनं घासून घासून पडलेली. पट्टी मागून हलकेच ठोकली, खाच वर उचलली, वरून कानस मारली, मग पेपर. डोळे मिटून बोट फिरवलं – काही म्हणजे काही लागत नाही! हात अजून शाबूत आहे म्हणायचा.

३ मे

सगळं बसवलं. पाच स्क्रू, पाचही नवे. खूश आहे.

६ मे

सकाळी मेणबत्ती लावली. उकडलेल्या गव्हाचं गोड खाल्लं, स्तामेनानं दोनदा मागितलं. निळा झगा घालून गाडीत बसली. ल्युबिन्का मागे.

स्तामेनाचा उजवा हात दारावर गेला. पट्टीवर फिरला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मी गाडी काढली. गल्ली संपली. लेपेनित्सा नदीवरचा पूलही गेला. तिचं बोट अजून पट्टीवरच. शेवटी मीच म्हटलं, "स्तामेना, हळू चालवू का?"

तिनं हात मांडीवर घेतला. "अहो, ही आमची गाडी नाही. मला उतरवा. नवरा वाट बघत असेल माझी."

आरशात ल्युबिन्का दिसत होती. गाडी वळवली.

७ मे

काय करून बसलो मी! सकाळीच कानस घेऊन गॅरेजमध्ये गेलो. पाडतोच खाच परत, म्हटलं. पट्टीवर टेकवलीसुद्धा. कानशीची खाच ती कानशीची, ती अंगठीची कशी होणार? ठेवून दिली.

१० मे

उद्या क्राल्येवो. ल्युबिन्कानं बॅग भरली. मी निळा झगा वर ठेवला.

११ मे

बॅग ठेवायला गेलो तर स्तामेना आधीच गाडीत. बोट पट्टीवर. शेजारी बसलो, परक्यासारखं विचारलं, "काय शोधताय?"

"खाच होती हो इथे, माझ्या अंगठीची. नवरा माझा पट्ट्या घासणारा, हात शिवशिवतात त्याचे. पण म्हणाला होता, सगळी गाडी चकाकवीन, ही खाच तेवढी तुझी, हिला हात लावायचा नाही. तो नाही विसरायचा."

म्हणालो होतो. ल्युबिन्काच्या बारशाहून घरी येताना, याच गाडीत. आत्ता आठवलं.