दवाखान्याच्या भिंतीवरच्या टोप्या

माझी प्रिय अयाम्पोका,

अक्षर सिस्टर डेलाचं आहे, शब्द माझे. मध्येच मी फार शहाण्यासारखं बोलले असं वाटलं, तर तिने पदरचं घातलं समज. नऊ वर्षं आपल्या गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून राहिली, आपली भाषा शिकली, पण शिवी आली की अजून पेन थांबवते.

तुझं पत्र पोचलं. सिस्टरची बदली होतेय, तूही नर्स, म्हणून तिच्या जागी येतेस का असं तुला विचारलं, आणि तू नाही म्हणालीस. ‘जिथे बाईला बाळंत व्हायलासुद्धा घरच्या धन्याची परवानगी लागते, तिथे मी औषधं घेऊन काय करू? माझी आई तशीच गेली.’ सिस्टरने हे मला दोनदा वाचून दाखवलं. एकदाच पुरे होतं. मी रागावले नाही, तू खोटं काहीच लिहिलं नाहीस. पण तुझी बातमी शिळी झालीय पोरी. आता ताजी ऐक.

तुझा चुलतभाऊ अकोल्गो, त्याची बायको तेनी पहिलटकरीण. आठवा महिना लागला होता. सिस्टर दर पंधरवड्याला फटफटीवरून यायची, तेनीला तपासायची आणि मग आम्हा म्हाताऱ्यांमध्ये बसून तेलासाठी शियाच्या बिया फोडत बोलायची. सुनांना शिकवून उपयोग नाही, सासवांना शिकवलं पाहिजे, हे तिला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. तीन बोटं वर करून सांगायची : डोकं ठणकणं, तोंडावर सूज, डोळ्यांपुढे काजवे. यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. मी म्हटलं, “सिस्टर, ही तर माझी रोजचीच दुखणी.” म्हणाली, “आजी, आठवा महिना लागला की कळवा, तुमच्यासाठीही येईन.”

झालं असं की बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, मी बाजरीचा घाटा ढवळत होते. तेनी पाण्याची घागर खाली ठेवून म्हणाली, “आजी, एवढ्या उन्हात काजवे कुठून आले?” मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे सुजेत बुडाले होते.

आणि घरचा धनी, सगळ्या कुटुंबाचा कर्ता, कुठे? माझे दीर अकुरुगुभाऊजी तीन गावं पलीकडे मयताच्या जेवणाला, गवताची हॅट घालून. लाल टोपी घरी, पुढच्या खोलीच्या खुंटीवर. तुला ठाऊकच आहे, तुझे आजोबा गेल्यावर त्यांच्या डोक्यावरची ती भाऊजींच्या डोक्यावर आली. धनी परगावी असला आणि निरोप द्यायचा असला की ती टोपी पाठवतो. टोपी पोचली म्हणजे त्याचा शब्द पोचला. बाईने तिला हात लावायचा नाही.

अकोल्गो दारात उभा राहून नुसता घाम पुसत होता. म्हणाला, “आजी, धाकटे आजोबा येऊ देत. त्यांनी देवऋषीला विचारल्याशिवाय हिला कसं बाहेर काढू?”

मी घाट्याचा दांडका तसाच उचलला, टोकाला घाटा लागलेला, आणि त्याने टोपी खुंटीवरून उडवली. ती तेनीच्या पुढ्यात पडली. म्हटलं, “बाळे, वाक आणि डोक्यात घाल.” तिने दोन्ही हात मागे धरले. म्हणून दांडक्यानेच उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. मग अकोल्गोला म्हटलं, “बघ, धन्याचा शब्द निघालाय. गाढवा, तीनचाकी आण!” बिचाऱ्याने टोपीकडे पाहिलं आणि पळाला.

दवाखान्यात सिस्टरने रक्तदाब पाहिला आणि लगेच तिला जाड सुया टोचल्या. मग स्वतः त्याच तीनचाकीत बसून तिला तालुक्याच्या इस्पितळात नेलं. वाटेत तेनीला एकदाही आकडी आली नाही. (स्वतःचं हे कौतुक सिस्टर लिहायला तयार नव्हती. म्हटलं, लिही, नाहीतर पत्र दुसऱ्याकडून लिहून घेईन.) मुलगी झाली. एवढीशी, पण रडली अशी की डॉक्टर हसले. टोपी तोवर तेनीच्याच डोक्यावर! काढायला गेले की म्हणायची, ही निघाली तर मला घरी परत नेतील.

तिसऱ्या दिवशी भाऊजी परतले आणि सगळ्यांना अंगणात बसवलं. “माझ्या टोपीला हात कोणी लावला?”

मी म्हटलं, “हात कोणीच नाही लावला भाऊजी. दांडक्याने काढली. तेनीबरोबर परत आली की घाट्याचा डाग दिसेल बघा.”

पहिली हसली ती त्यांचीच बायको. मग कोणी थांबेना.

“वहिनी, पूर्वज एक दिवस तुमच्या जिभेला गाठ मारतील.”

“मारू देत. आधी पणतीचं तोंड बघा.”

आठवड्याने तेनी आली तेव्हा त्यांनी ते बघितलं, बराच वेळ. पणतीने त्यांचा नवा अंगरखा ओला केला. ते घसा खाकरून म्हणाले, “या टोपीत आता बाळंतिणीचा घाम मुरला. पूर्वज काही ओळखायचे नाहीत. दवाखान्यातच टांगा. माझ्या घरची बाई तिथे गेली की मी आधीच हो म्हटलंय, असं समजा.” जणू हा विचार ते मयताच्या गावाहूनच घेऊन आले होते. मीही मान डोलावली, केवढे शहाणे आमचे भाऊजी!

मग शेजारच्या आवाराच्या धन्याला वाटलं, अकुरुगुची टोपी तिथे आणि माझी नाही? आज त्या भिंतीवर सात टोप्या आहेत. सिस्टर कुरकुरते, तक्ते लावायला जागा उरली नाही. पावसाळ्यापासून अकरा बायका गेल्या, कोणाच्या तोंडाकडे न बघता. अकराच्या अकरा परत आल्या.

आता जे सांगायला हे पत्र लिहून घेतलं, ते. तुझी आई अडली तेव्हा तुझे आजोबा गुरांच्या बाजाराला गेले होते, हे तुला माहीत आहे. दोष तू त्यांना दिलास, मी देऊ दिला. पण खुंटी तीच होती, टोपी तीच होती, आणि माझ्या हातात दांडका होता. मी दिवसभर घाटा ढवळत राहिले. ती दोनदा “आई” म्हणाली. मी टोपीकडे पाहिलं आणि पुन्हा ढवळायला लागले. तेनीच्या पुढ्यात टोपी पडली तेव्हा मला तुझ्या आईचाच आवाज आला. हे ऐकूनही यावंसं वाटलं, तर ये. सात टोप्यांच्या शेजारी मी आठवा खिळा ठोकून घेतलाय, तुझ्या पांढऱ्या टोपीसाठी. सिस्टर म्हणते, हल्ली नर्सा टोप्या घालत नाहीत. नसतील घालत. खिळा आहे.

तुझीच, दांडकेवाली आजी