संघटनेचा माणूस

बाबा,

तुम्ही होता तेव्हाच हे विचारायला हवं होतं, पण तेव्हा मी वर्दी घातलेली नव्हती. आता मी डीएसपी आहे. तुमची जशी फौंड्रीतली युनियन होती, तशी आम्हा पोलीस अधिकाऱ्यांची असोसिएशन आहे आणि मी तिच्या कार्यकारिणीत आहे. ती नेमकी कोणासाठी असते, हे आपल्याला ठाऊक आहे असं मी परवापरवापर्यंत धरून चालले होते.

तिचे उपकार मी विसरलेली नाही. तुमची नात अंगावर पीत होती आणि माझी बदली बस्तरला निघाली, तेव्हा आमचे अध्यक्ष स्वतः वर जाऊन भांडले. मग गेल्या महिन्यात एका कारखान्याच्या गेटवर धरणं धरून बसलेल्या मजुरांवर आमच्या एका तरुण अधिकाऱ्यानं लाठी चालवली. एका म्हाताऱ्या मजुराचा उजवा हात मोडला. अधिकारी निलंबित झाला आणि रायपूरच्या बैठकीत असोसिएशनचं पत्रक वाचलं गेलं: मजूर धावपळीत पडला. मी म्हटलं, वकील देऊ, चौकशीला सोबत जाऊ, पण पडला असं कसं लिहायचं? व्हिडिओ तर सगळ्यांनी पाहिलाय. अध्यक्ष आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, अपना आदमी है. हम नहीं तो कौन?" बाबा, तेही मला खोटं वाटलं नाही.

जामुलच्या आपल्या स्वयंपाकघरातला तो दिवस आठवतो. तुम्ही पाटावर बसला आहात, ताटाला हात लावत नाही. तुमच्या मिस्त्रीनं क्रेनची साखळी न तपासता माल उचलायला लावलाय, ठेक्यावरच्या एका मजुराचा पाय गेलाय, आणि युनियन मिस्त्रीच्या बाजूनं उभी आहे. भर सभेत तुम्ही म्हणून आला आहात, "मिस्त्री आपला हाय, मंग तो पाय गेलेला कोनाचा हाय?" आई भाकरी थापता थापता विचारते, "तुमीच कावून बोलले?" तुम्ही म्हणता, "मले बी समजून नाही राहिलं. निघून गेलं तोंडातून." आणि दुसऱ्या दिवशी त्याच मिस्त्रीला सायकलवर डबलसीट घेऊन तुम्ही चौकशीला गेलात. मी दारात उभी होते. सभेतले तुम्ही खरे की सायकलवरचे, हे मी कधी विचारलं नाही.

पत्रक माझ्या सहीशिवाय निघालं. तो अधिकारी आता माझ्याशी बोलत नाही, त्याच्या बायकोनं फोन करून एवढंच विचारलं, "दीदी, आप भी?" मी असोसिएशन सोडलेली नाही. सोडली तर आत हे बोलणार कोण, असं स्वतःला सांगते. पण खुर्ची सोडवत नाही म्हणून सांगते का, तेही कळून नाही राहिलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. काल मी त्या मजुराला भेटायला दवाखान्यात गेले. माफी मागायची होती की नुसतं बघायचं होतं, कोण जाणे. वर्दी दिसताच तो धडपडत उठून बसला, उजवा हात प्लास्टरमध्ये म्हणून त्यानं डाव्या हातानं सलाम ठोकला. आणि बाबा, मी सवयीनं मान हलवून तो घेतला.