दाराच्या फटीतली बोटं

भरतीवाले साहेब,

काल आमच्या खोलीत बसून तुम्ही म्हणालात, "ताई, नवऱ्यावर मारहाणीचा गुन्हा आहे. तुम्ही माफ केल्याचं लिहून दिलंत, तर फौजेत घेता येईल. एवढा तगडा गडी!"

तगडा आहेच. माझी बोटं दाराच्या फटीत धरून त्यानं लाथेनं दार लावलं, तेव्हा हाडं कडाकडा मोडली.

तरी सहीसाठी मी पेन उचललं होतं. म्हटलं, एकदाची पीडा टळेल. तेवढ्यात तुम्ही हसून म्हणालात, "सुट्टीवर येईलच की घरी!"

मी पेन खाली ठेवलं. हे पत्र तुम्ही त्यालाच दाखवाल, म्हणून पाठवत नाही. पण साहेब, आज त्याला फक्त हाडं मोडता येतात. तुमच्याकडून शिकून येईल, तेव्हा दार मलाच उघडायचंय.

तुमच्या तगड्या गड्याची बायको