पाणी आत, वीज बाहेर

मी, या घराची आणि मागच्या वर्कशॉपची मालकीण, वय वर्षे बहात्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. एरवी हे वाक्य रीत म्हणून घालतात. माझ्या बाबतीत गेल्या उन्हाळ्यात माझ्याच मुलाने त्यावर शंका घेतली, म्हणून आधी खुलासा करते, वाटणी नंतर.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, उभी आहे. गिऱ्हाईक आलं की मला म्हणायचं, "बाई, मालकांना बोलवा." मी ह्यांना हाक मारायची, आणि हे बाहेर येऊन मलाच विचारायचे, काम कधी होईल. हे गेले, आणि मुलाने व माझ्या धाकट्या दिरांनी परस्पर ठरवलं की मशीनं भंगारात द्यावीत आणि जागा गोदामाला द्यावी. मला कोणी विचारलं नाही.  मी वर्कशॉपची किल्ली तेवढी कमरेला खोचली.

सूनबाई घरातूनच काम करते. इमारत बांधण्याआधी ती आतून कशी दिसेल, याची चालती चित्रं ती कॉम्प्युटरवर तयार करते. कॉम्प्युटर तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेला. उन्हाळ्यात तो असा तापायचा की चित्र अर्धवट असतानाच बंद पडायचा. दुकानदार म्हणाला, याला बसेल असा पंखा आता मिळत नाही, नवा घ्या. त्या दिवशी जेवताना मुलगा तिला म्हणाला, "मशीनच नको म्हणतंय, तर तूही थांब आता. घरात काय कमी कामं आहेत?"

ती ताटात बोट फिरवत बसली. माझ्या सासूबाईंनी मला हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. मी ताटावरून उठले.

सुनेला विचारलं, नेमकं तापतं काय? तिने झाकण काढून काडेपेटीएवढी चिप दाखवली. मला गाडीचं इंजिन आठवलं. ते पाण्याने गार राहतं, मग ही का राहणार नाही? तांब्याचा ठोकळा चिपवर दाबून बसवायचा, त्याच्या पोटात बारीक चरे पाडायचे, चऱ्यांतून पाणी फिरवायचं, ते बाहेर नेऊन गार करायचं आणि परत आत सोडायचं. नकाशा तिने काढला, मापं मी सांगितली.

पहिला ठोकळा वाया गेला. तांबं चिवट, ते मिलिंग मशीनच्या कटरला चिकटत गेलं आणि कटर चऱ्यातच मोडला. दुसऱ्याचे चरे छान उतरले, पण त्याचं प्लास्टिकचं झाकण तडकलं आणि स्वयंपाकघरभर पाणी झालं. ठोकळा अजून कॉम्प्युटरला लावलेला नव्हता, त्यामुळे आम्ही दोघी फरशी पुसता पुसता हसत होतो. नेमका तेव्हा मुलगा घरात आला.

त्याने दिरांना कळवलं की आई विजेच्या यंत्रात पाणी घालते आहे, तिचं डोकं ठिकाणावर नाही. दोघांनी मिळून घरच्या डॉक्टरांना आणलं. मला व्यवहार कळत नाही असा दाखला मिळाला की वर्कशॉपच्या कागदांवर मुलाला सही करता येणार होती. डॉक्टरांनी मला वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. मग कॉम्प्युटरमध्ये पाणी कशाला, असं विचारलं.

"पाणी तांब्याच्या आत, वीज बाहेर," मी म्हणाले. "दोघांची गाठ पडू द्यायची नाही, सगळं काम एवढंच आहे."

"मग हे झाकण का तडकलं?"

"एकाच बाजूचे स्क्रू आधी आवळले. आता समोरासमोरचे थोडे थोडे आवळीन."

डॉक्टरांनी दाखला लिहिला, पण मी ठणठणीत असल्याचा. दीर चहा न घेता गेले.

तिसऱ्या ठोकळ्याचं चिपला टेकणारं तोंड आम्ही काचेवर बारीक पॉलिश कागद ठेवून घासत गेलो, अगदी त्यात सुनेची टिकली दिसेपर्यंत. झाकणाखाली रबराची रिंग बसवली. वर्तमानपत्रावर ठेवून दिवसभर पाणी खेळवलं. कागद कोरडा राहिला. मग तो कॉम्प्युटरला लावला. बटण दाबताना सूनबाई डोळे मिटून होती. या वेळी चित्र शेवटापर्यंत पूर्ण झालं. मुलगा दारात उभा होता. पुढे येऊन त्याने नळीला हात लावला, "कोमट आहे," म्हणाला आणि निघून गेला. त्याने माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही.

आता वाटणी.

घर मुलगा आणि सून दोघांच्या नावे, निम्मं निम्मं. विकायचं झाल्यास दोघांच्याही सह्या लागतील.

बँकेतली शिल्लक मुलाला. तो माझा मुलगा आहे, आणि रागाच्या भरात हे लिहायला मी बसलेली नाही.

धाकट्या दिरांना पहिला, कटर अडकलेला ठोकळा. चांगला जड आहे. दुसऱ्या कुणाच्या जागेचे कागद उडून जाऊ नयेत म्हणून त्यावर ठेवता येईल.

वर्कशॉप, लेथ, मिलिंग मशीन आणि सगळी हत्यारं सूनबाईला, एकटीला. तिसऱ्या ठोकळ्याचे शेवटचे चरे तिने पाडले आहेत आणि ते माझ्यापेक्षा सरळ आहेत. पाटीवर "आणि पुत्र" असं आहे, ते खोडून तिला हवं ते लिहावं. ठोकळ्याची मापं कोणी मागितली तर द्यावीत. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

मी भ्रमिष्ट होते असं ज्याला म्हणायचं असेल, त्याने खाली सही केलेल्या डॉक्टरांसमोर म्हणावं.

वर्कशॉपचं कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही. किल्ली आज सकाळी सुनेच्या हातात दिली. तिने पहिलं कामही घेतलं आहे.

सही: घरमालकीण, स्वहस्ते

साक्षीदार:
१. घरचे डॉक्टर
२. समोरच्या शिवणकामवाल्या बाई

ठिकाण: वर्कशॉप, मिलिंग मशीनशेजारचं टेबल
दिनांक: मुद्रांकावर आहे तोच

ता. क. हे लिहिताना सूनबाईचं मशीन चालू आहे. अक्षर कुठे हललं असेल तर ते टेबल हलत असल्यामुळे. माझा हात स्थिर आहे.