तीन हाकांचा खुलासा

तीर्थरूप ताईस,

लांबूनच वाकून नमस्कार. (वाकता येतं, म्हणजे कंबर शाबूत आहे, हे आधी ध्यानात घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला? बरं, विचारून झालं, आता मुद्द्यावर येतो. मला झोळीत घालून कड्यावरून खाली आणलं, ही बातमी बसच्या ड्रायव्हरने तुझ्यापर्यंत पोचवली आणि तू रविवारी पोरांना न्यायला येतेयस, असं तुझ्या चिठ्ठीवरून कळलं. अगं, जरा दम धर. पोरं ठणठणीत आहेत. मीही आहे.

झालं असं. भाच्यांना सुट्टीत नुसता नकाशा नाही, खरे डोंगर आणि खरी माणसं दाखवायची, असा मी विडा उचलला होता. (भूगोलाच्या मास्तरची हौस, दुसरं काय!) इथे घरं डोंगरभर विखुरलेली, फोन लागत नाही, सगळा कारभार हाकेवर. एक हाक म्हणजे 'पोचलो'. दोन म्हणजे 'इकडे ये'. तीन म्हणजे 'माणूस पडलं, झोळी-दोर घेऊन धावा'. सात वर्षं मला हे पाठ आहे. पण कड्यावर उभं राहिल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. प्रतिध्वनी शिकवावा म्हणून थोरलीला एक हाक मारायला लावली. समोरच्या कड्याने ती इमानदारीत दोनदा परत केली. एक अधिक दोन किती, हे सांगायला इथे मास्तर लागत नाही.

अर्ध्या तासात मेंढपाळ, पाथरवट, सुईणबाई धरून अकराजण हजर. पाथरवटाच्या हातात छिन्नी तशीच. मी शरमेने अर्धा झालो. प्रतिध्वनीचा नियम समजावू लागलो, तर सुईणबाई म्हणाली, "मास्तर, गप पडा झोळीत. एवढी माणसं कामं टाकून आलीत, रिकामी नेऊ काय?" आणि मला, चांगल्या धडधाकट माणसाला, बांधलं गं! वाटेत दारादारातून बाया विचारायच्या, "गेले का?" मी आतूनच सांगायचो, "नाही, आहे." धाकटा मेंढपाळाच्या खांद्यावर बसून पुढे, मिरवणुकीच्या थाटात.

तेव्हा पोरांना नेऊ नकोस. अजून खिंड बघायची राहिलीय.

तुझा (एकुलता एक, हे विसरू नकोस) भाऊ

ता. क. रविवारची बस तशीही भरवशाची नाही.

ता. क. आई, मामाचा हात अजून कापतो, म्हणून तो सांगत गेला आणि मी लिहिलं. पण हे त्याला न सांगता लिहितेय. इथल्या लोकांना प्रतिध्वनी चांगला कळतो, त्याला कुणी धावत येत नाही. तिन्ही हाका मामानेच मारल्या. धाकटा कपारीत उतरला होता आणि ओ देत नव्हता. मेंढपाळकाकांनी दोराने उतरून त्याला वर आणलं. त्याला साधं खरचटलंही नव्हतं. त्याला बघितलं आणि मामाच मटकन खाली बसला. पाय उचलेनात, म्हणून झोळी. घर येईपर्यंत तो "आता ताईला काय सांगू" एवढंच म्हणत होता. तू ये, पण न्यायला नको, राहायला ये. आणि त्याला रागावू नकोस. रागवायचंच असेल तर मला रागव. धाकट्याचा हात मी धरायचा होता.